अभिवाचन पाहिलं की ऐकलं?

दादरच्या एका छोट्या सभागृहात तिथल्याच हौशी नटमंडळींनी हातात संहिता घेऊन एक दोन अंकी नाटक सादर केलं. पत्रिकेवर 'नाट्य अभिवाचन' छापलेलं, निवेदक मात्र सारखा 'प्रयोग' म्हणत होता. त्या कार्यक्रमाला गेलेल्या एका ताईंनी विचारलंय, यातलं बरोबर काय? आणि 'नाटक पाहिलं' म्हणायचं की 'ऐकलं'?

माझं मत अभिवाचनाच्या बाजूने. नुसतं 'वाचन' नाटकवाल्यांनी वेगळ्या कामाला ठेवलंय. दिग्दर्शक मंडळींना गोल बसवतो, संहितेचं वाचन होतं, मग तालमी आणि मग नाटक उभं राहतं. तिथे प्रेक्षक नसतो, अडखळलं तरी चालतं. अभिवाचन प्रेक्षकांसाठी असतं. 'अभि' म्हणजे कडे, समोर. 'अभिनय'मधलाही तोच.

आता 'वाचन' हा शब्द मुळातून बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. संस्कृतात 'वच्' म्हणजे बोलणं आणि 'वाचयति' म्हणजे बोलायला लावतो. लग्नमुंजीतलं पुण्याहवाचन आठवा. यजमान गुरुजींना 'हा दिवस पुण्यकारक आहे असं म्हणा' अशी विनंती करतो आणि ते तसं म्हणतात. म्हणजे वाचन हे मुळात बोलतं करणं आहे. चांगला नट संहितेला तेच करतो.

छापील नाटकातल्या कंसातल्या सूचना एरवी कोणी उच्चारत नाही, अभिवाचनात त्या वाचायला बहुधा एक जण वेगळा बसवतात. 'तो दार उघडून आत येतो' एवढं त्याने वाचायचं, आणि खुर्चीतल्या नटाने कागदावरची नजर उचलली की झाला प्रवेश! भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या चार अभिनयांपैकी आंगिक (शरीराच्या हालचालींचा) आणि आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) इथे जवळजवळ रजेवर असतात, सगळा भार वाचिकावर, म्हणजे बोलण्यावर.

म्हणून मी 'ऐकलं' म्हणेन. त्याच नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे दृश्य आणि श्रव्य असं खेळणं मागतात. नाटक दोन्ही असतं, पण अभिवाचनात श्रव्याचं पारडं जड.

'प्रयोग' मात्र टाळावा. शुभारंभाचा प्रयोग, शंभरावा प्रयोग म्हटलं की मराठी माणसाला बसवलेलं नाटक दिसतं, नेपथ्य-प्रकाशासकट. शिवाय मुंबईत १९७०च्या दशकापासून, छबिलदास शाळेच्या सभागृहातल्या नाटकांमुळे, 'प्रायोगिक' शब्दाला आणखी वेगळाच, चाकोरीबाहेरच्या नाटकाचा अर्थ चिकटलाय. उगाच घोळ कशाला?

ताई, क्रियापदावर अडायला झालंच तर सरळ 'अभिवाचनाला गेले होते' म्हणा. 'नाटकाला', 'कीर्तनाला', 'गाण्याला' जातो तसंच. आणि पत्रिका छापणाऱ्यांना एक विनंती : 'भि' ऱ्हस्व, आणि जोडूनच लिहायचं तर 'नाट्याभिवाचन'.