इम्प्लांटवर गाणं ऐकायला बसताना

पहिल्या आठवड्यात गाणं पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाटलं म्हणून खचू नका. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्याच्या आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र, मुळात बोलणं कळावं म्हणून बनलेलं आहे. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केशपेशी सुमारे ३,५००. इम्प्लांटच्या तारेवर त्यांच्याऐवजी नसेला विजेचे इशारे देणारे इलेक्ट्रोड जेमतेम १२ ते २२. म्हणून ठेका चटकन कळतो, सुरांना वेळ लागतो.

सध्या एवढंच करा:

- एकच वाद्य किंवा एकच गळा. भरगच्च वाद्यवृंद नंतर.
- पूर्वी ऐकलेलं, पाठ असलेलं गाणं असेल तर तेच घ्या. शब्द समोर ठेवा.
- रोज थोडा वेळ. दमलात की थांबा.

नवखे हमखास आवाज वाढवत जातात. त्याने सूर स्पष्ट होत नाही, उलट डोकं दुखतं. त्यापेक्षा ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्या, गोंगाट दाबणारी सोय बंद असलेला. ती सोय लांबलेला सूरही गोंगाट समजून दाबू शकते.

आणि स्पीकरवर तळहात ठेवा, खरंच. कर्णबधिर तालवादक एव्हलिन ग्लेनी अनवाणी वाजवतात, कंपनं पायांतून कळावीत म्हणून. मला बासरी पहिल्यांदा ओळखू आली तेव्हा आधी फुंकर ऐकू आली होती, सूर कितीतरी दिवसांनी.