गाडीच्या मधातून

एसटी स्टँडसमोर एका कृषी केंद्राच्या माडीवर माझं समुपदेशनाचं ऑफिस आहे. खाली बियाणं-फवारणीची गर्दी, वर मी. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात एमबीएच्या शिफारसपत्राची काळजी घेऊन कोण येणार, असं कुणालाही वाटेल. पण पोळ्याच्या मागेपुढे दरवर्षी चार-सहा पोरं जिना चढतात आणि जवळपास त्याच शब्दांत सांगतात, "सर, आमच्या साहेबांना इंग्रजी येत नाही. ते म्हणतात, तूच लिहून आण, मी सही ठोकतो." नाहीतर, "आमदारसाहेबांचं लेटर मिळते, चालेल का?"

आधी एक गोष्ट मोकळी करतो. कॅट देऊन आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना या पत्राचं काम पडत नाही. ते लागतं हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीसारख्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) ठिकाणी आणि परदेशी बिझनेस स्कूलांना. तिथेही ते लिफाफ्यात घालून जोडायचं नसतं. स्कूल शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर थेट लिंक पाठवतं, तो तिथेच उत्तरं भरतो. अर्जदाराने ते बघायचं नसतं.

आमदाराच्या पत्राचा मोह का होतो, ते मला कळतं. आपल्याकडे शिफारस म्हणजे वशिला. आणि पत्र म्हणजे दाखला: "सदर इसमास मी ओळखतो, त्याची वर्तणूक चांगली आहे." ग्रामपंचायतीत हा मजकूर छापूनच ठेवलेला असतो, नाव तेवढं भरायचं. तसल्या दाखल्याची बिझनेस स्कूलात किंमत शून्य. आमदारांनी तुम्हाला काम करताना पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते लिहिणार तरी काय? शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणाऱ्या एका मुलाचे अध्यक्ष त्याचेच सख्खे काका निघाले. तेही नाही चालत.

मागे एक मुलगी आली होती. तिच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अमरावतीला इंजिनिअरिंग करून गावी परतलेली, एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गठाणी बांधणाऱ्या कारखान्यात, चार हंगाम काढलेली. कापसाची प्रत, काट्यावरची नोंद, गठाणींचा हिशेब, सगळं तिच्याकडे. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. तिने भाऊंच्या नावाने दोन पानी पत्र स्वतःच लिहून आणलं होतं, फक्त "इंग्रजी तपासून द्या" म्हणाली. त्यात ती डायनॅमिक होती, व्हिजनरी होती, रिझल्ट-ओरिएंटेड होती.

"भाऊ असं बोलतात?" मी विचारलं.

ती हसली. "भाऊंनी चार वर्षांत शाब्बासही म्हटलं नाही सर."

"मग त्यांना लिहू का देत नाहीस?"

"दोन ओळी लिहितील."

"लिहू दे. दोन ओळी आल्या तर काय सिद्ध होईल?"

बराच वेळ ती खाली पाहत राहिली. "की मी चार वर्षं फुकट घालवली."

"की भाऊंना लिहायची सवय नाही?"

यावर ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला आली तेव्हा दोन पानी पत्र सोबत नव्हतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारा माणूस आहे. माणसाला गुण देऊ नका, त्याच्या कृतीला द्या, हे त्यांचं सांगणं मी वीस वर्षं लोकांच्या दुःखावर लावून पाहतो आहे. शिफारसपत्रालाही ते लागू पडेल, हे मात्र या मुलीमुळे कळलं. इंग्रजी ही तिची अडचण नव्हतीच. भाऊंच्या तोंडून आपल्याबद्दल काय निघेल याची भीती होती, आणि ती भीती झाकायला डायनॅमिक-व्हिजनरीची गोधडी अंगावर घेतली होती.

स्वतःचं पत्र स्वतः लिहू नये, असं बहुतेक स्कूलं स्पष्ट सांगतात. नियम बाजूला ठेवला तरी ते उघडं पडतं. अर्जातले निबंध आणि पत्र एकाच जिभेने बोलायला लागतात. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बँक मॅनेजरचं पत्र मी इतकं घासूनपुसून दिलं की त्यात मॅनेजर उरलाच नाही, मीच उरलो. त्या मुलाला मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. कारण कुणी कळवत नसतं, पण ते पत्र आज वाचलं तर मीसुद्धा बोलावणार नाही.

शिफारस करणाऱ्याच्या हातात द्यायचं ते एका पानाचं टिपण. सोबत केलेली कामं, कोणत्या हंगामात काय घडलं, काय फसलं. विशेषणं नाहीत. ते तिने केलं. मग भाऊंशी बोलायला मी स्वतः गेलो. एरवी जात नाही, पण जिनिंग बघायची हौस होती, खोटं कशाला बोलू.

ऑगस्टचा शेवट होता. जिनिंग थंड, रोलर खोलून ठेवलेले, फिटर तेलात माखलेला. भाऊंनी चहा सांगितला आणि एका दमात मोकळे झाले. "पोरगी चांगली आहे सर. कष्टाळू आहे, इमानदार आहे. अजून काय लिहू? मले काही इंग्रजी येत नाही बावा."

मी म्हटलं, "भाऊ, गाडी आली आणि शेतकरी म्हणाला एक नंबर माल आहे, तर तुम्ही तेवढ्यावर भाव देता?"

"काहाले देतो? वरतून तर सगळेच चांगला माल रचतात."

"मग?"

"हात घालतो. मधातून ओढतो. मूठ दाबून पाहतो, ओलावा समजते. कवडी किती, कचरा किती, दिसते."

"ते कॉलेजवाले पण तेच करतात. कष्टाळू, इमानदार हा वरचा थर झाला. त्यांना मधातला कापूस पाहिजे."

भाऊंनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर काहीतरी हललं. अशा क्षणी मी गप्प राहतो. वीस वर्षांत तेवढी एक गोष्ट मला नक्की जमायला लागली आहे.

मग मी त्यांना प्रश्न मराठीत सांगितले. अनेक स्कूलं हल्ली एकच समान नमुना वापरतात. तुमचा तिचा संबंध काय, हे पन्नासेक शब्दांत. अशाच कामावरच्या इतर चांगल्या माणसांच्या तुलनेत ती कुठे बसते, उदाहरणासह. आणि तिसरा प्रश्न, तिला तुम्ही सुधारणेसाठी सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, आणि ऐकून तिने काय केलं. शेवटच्या दोन उत्तरांना प्रत्येकी पाचशे शब्दांपर्यंत जागा. सोबत गुणांचा एक तक्ता असतो, त्यात खुणा करायच्या.

तक्त्यावर ते म्हणाले, "सगळीकडे वरचीच खूण करून टाकू." मी विचारलं, गाडीभर कापसाला तुम्ही न पाहता एकच ग्रेड लावता का? ते हसले आणि मग खरी तुलना निघाली. पंचवीस वर्षांत त्यांच्याकडे बारा-पंधरा सुपरवायझर होऊन गेले. रुई हातात धरून प्रत सांगण्यात जुना ग्रेडर अजून तिच्या वर आहे. "पण हिशेबात चूक सापडली तर येऊन सांगणारी हीच एक. बाकीचे लपवत." हे वाक्य कोणत्याही नमुना-पत्रात मिळणार नाही.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र ते अडले. "पोरीची बुराई मी लिहू? तिचं नुकसान करू?"

"बुराई नको भाऊ. तिला कधी रागावलात ते सांगा."

ते खिडकीतून काट्याकडे बघत राहिले. मग सांगायला लागले. पहिला हंगाम, डिसेंबरची पहाट, दव पडलेलं. एक शेतकरी रात्रीपासून रांगेत. याच पोरीने त्याच्या गाडीत मीटर घातला, ओलावा चौदा टक्क्यांच्या वर. बाराच्या वर घ्यायचा नाही हा सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, कायदा, आपणही तोच पाळतो. ओला कापूस रोलरला गुंडाळते, रुईचा रंग जाते. ती नियमाने बरोबरच होती. पण चारचौघांत "हा माल चालणार नाही, गाडी बाजूला घ्या" म्हणाली. माणूस बायको-पोरासह आलेला. "मी तिले आत बोलावलं. म्हटलं, बाई, तू मशीन पाहिली, माणूस नाही पाहिला. लय रडली."

"मग तिने काय केलं?"

"आठ दिवस बोलली नाही. मग कागद घेऊन आली. म्हणे, भाऊ, मागच्या अंगणाचा सिमेंटचा भाग मले द्या. मीटर काट्यावर नाही लावायचा, गेटवर लावायचा. ओला निघाला तर शेतकऱ्याले तिथंच माल पसरवू द्यायचा, ऊन लागलं की दुपारी पुन्हा मोजायचा. ताडपत्र्याही आणल्या. तवापासून काट्यावर भांडण नाही पाहिलं मी." थोडं थांबून म्हणाले, "खरं सांगू? अंगण माझं, जिनिंग माझं, पंचवीस वर्षं धंदा माझा. हे मले काऊन नाही सुचलं?"

मी वहीत काही लिहिलं नाही. फोनवर रेकॉर्डिंग त्यांच्या संमतीने चालूच होतं, आणि अशा वेळी पेन हलला की माणूस सावध होतो.

ही गोष्ट त्यांना माहीत होतीच. टीका म्हणजे बुराई, या एका समजुतीने त्या गोष्टीला दाराबाहेर उभं केलं होतं. मुलीचीही तीच समजूत होती, तिच्या टिपणातल्या 'काय फसलं' या रकान्यात ही ओळ नव्हती. नंतर विचारलं तर म्हणाली, "तो माझा सगळ्यात वाईट दिवस होता सर." दोघांनीही ज्या दिवसावर ताडपत्री टाकली होती, त्यातच पत्र होतं. पत्रासाठी कुणीही आलं की आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो, साहेब तुमच्यावर कधी चिडले होते?

बाकीचं कामाचं सांगतो. भाषेसाठी मी तिला आधी स्कूलच्या प्रवेश कार्यालयाला मेल करायला लावला. उत्तर आलं, तिसऱ्या व्यक्तीने भाषांतर केलेलं चालेल, अर्जदाराने करू नये. आमच्या गावच्या निवृत्त इंग्रजीच्या मास्तरांनी भाऊंचं रेकॉर्डिंग ऐकून ते केलं. त्यांना एकच अट घातली, शोभिवंत करायचं नाही. मास्तर जरा नाराज झाले, त्यांना दोन म्हणी घालायच्या होत्या. तयार मजकूर मास्तरांनी भाऊंना मराठीत वाचून दाखवला, दोन जागी भाऊंनी दुरुस्ती सांगितली.

वेळेचंही बघावं लागतं. परदेशी स्कूलांची पहिली फेरी साधारण सप्टेंबरात बंद होते, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. जानेवारीत जिनिंगवाल्याला जेवायला सवड नसते, त्याला पत्र मागू नका. दसऱ्याला सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन कापूस घरात यायच्या आत, पोळ्याच्या सुमारास गाठा. किमान महिनाभर आधी.

ईमेलचा घोळ तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. शक्यतो फर्मचा पत्ता द्यावा, खासगी पत्त्यावर शंका येते. इथे फर्मचा मेल उघडणारी व्यक्ती एकच होती, ती स्वतः! म्हणजे भाऊंची गोपनीय लिंक तिच्याच इनबॉक्सात येणार. मी भाऊंना पासवर्ड बदलायला सांगितला आणि विसरून गेलो.

दोन आठवड्यांनी तिचा फोन. मला वाटलं, अर्जाबद्दल असेल.

"सर, तुम्ही भाऊंना काय सांगून ठेवलं? पत्र केव्हाच गेलं, पण नवा पासवर्ड ते मला देतच नाहीयेत. म्हणतात, तुह्याबद्दलचं आहे, तू नाही पाहायचं. इकडे जीएसटीचे सगळे मेल अडकून बसलेत."