वारा कुठून येतोय? उन्हाळा आणि वळवाबद्दल वाचकांचे प्रश्न

हापूसच्या पेट्या भरायला लागल्या की हवामानाबद्दलचे प्रश्न वाढतात. यंदाही बहुतेकांनी उकाड्याबद्दल आणि वळवाबद्दलच विचारलं आहे. कोकणात या दोन्हींचं उत्तर वाऱ्याच्या दिशेत सापडतं, म्हणून खाली वारा पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : रत्नागिरीत 33 अंश असताना आमच्या चिपळूणला 39 कसे? आणि उष्णतेची लाट नेमकी कधी म्हणायची? (चिपळूण)

आधी लाटेचं सांगतो. मैदानी भागात पारा किमान 40 वर गेल्याशिवाय हवामान विभाग लाटेचा विचार करत नाही. किनारपट्टीसाठी ही मर्यादा 37 अंश आहे, पण तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त असावं लागतं. तेही किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. त्यामुळे एका गावात एक दिवस 39 झाले म्हणून लाट जाहीर होत नाही.

आता फरकाचं. सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा आत शिरतो. रत्नागिरीला तो थेट मिळतो. चिपळूणपर्यंत पोचेतो तो दमलेला असतो, शिवाय मागे सह्याद्रीची भिंत. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. खारा वारा दोन-तीन तास उशिरा आला की तेवढा वेळ पारा चढतच राहतो, आणि अशा दिवशी रत्नागिरी-अलिबागसुद्धा भाजून निघतात. डोंगराच्या कुशीतल्या रायगडच्या भिऱ्याला मार्च 2017 मध्ये 46 अंशांच्या वर नोंद झाली होती.

घरच्या घरी ओळखायचं तर सकाळी दहाला चुलीचा धूर कुठे झुकतो ते बघा. धूर समुद्राकडे जात असेल आणि वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक होत असतील, तर दुपार कठीण जाणार.

प्रश्न : इथे पारा 34 च्या वर जात नाही, तरी दुपारी गडी गळून जातात. नागपूरकडचे लोक 44 मध्ये काम करतात, मग आम्हालाच काय होतं? (देवगड)

तुमच्या गड्यांना कमकुवत समजू नका. घाम वाळला तरच अंग थंड होतं. विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो. तुमच्याकडे हवेत आधीच एवढा ओलावा असतो की घाम नुसता ओघळतो. 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता एकत्र आली की शरीराला ते 45 च्या आसपास जाणवतं, आणि हा हिशेब सावलीतला आहे. कलमावर चढून उन्हात आंबे उतरवणाऱ्याला त्याहून जास्त.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 माणसं गेली. त्या दिवशीही पारा चाळिशीच्या आतच होता. हे मी दरवर्षी सांगतो आणि सांगत राहणार, कारण आपल्याकडे अजूनही फक्त आकडा बघून ‘आज ऊन बेताचंच आहे’ म्हटलं जातं.

उतरणी उजाडताच सुरू करा आणि साडेदहा-अकराला थांबवा. उरलेलं काम चारनंतर. मधल्या वेळात निवडणं, पेट्या भरणं सावलीत होऊ दे. नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठही जातं. मीठ घातलेली पेज, कोकम सरबत, ताक यांतलं काहीतरी दर तासाला द्या. गडी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : उष्णता वाढली की हापूसमध्ये साका जास्त निघतो, हे खरं का? काय करावं? (राजापूर)

बरंचसं खरं आहे. साका हा किडीचा किंवा रोगाचा प्रकार नाही. बाहेरून आंबा देखणा असतो आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर. तापलेल्या जमिनीतून वर येणारी धग हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. कातळावरच्या बागांत दुपारी झाडाखाली हात धरून बघा, धग वरून कमी आणि खालून जास्त लागते. म्हणून झाडाखाली गवताचं किंवा पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा. वणव्याच्या भीतीने काहीजण झाडाखालची जमीन खरवडून लख्ख करतात. आगीसाठी बागेच्या कडेने पट्टा साफ करा, झाडाखालचं आच्छादन मात्र राहू दे.

दुसरा उपाय काढणीच्या वेळेत आहे. झाडावर पूर्ण पिकायला ठेवलेल्या फळात साका वाढतो, म्हणून चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाला की काढा. नूतन झेल्याने, म्हणजे फळ देठासकट काढायच्या जाळीच्या काठीने. काढलेली फळं कातळावर ओतू नका, लगेच सावलीत न्या.

फळगळीबद्दलही तुम्ही लिहिलं आहे. फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी झाडाला 150 ते 200 लिटर, अशा तीन-चार पाळ्या पाणी द्यावं, अशी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. काढणीच्या महिनाभर आधी पाणी तोडा. पाण्याचे टँकर परवडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सगळ्या बागेला जमत नसेल तर भरपूर धरलेली झाडं निवडा.

प्रश्न : ‘यलो अलर्ट’ आला म्हणून आम्ही अर्धवट तयार आंबा घाईने उतरवला. एक थेंब पडला नाही. अंदाजावर भरवसा ठेवायचा कसा? (संगमेश्वर)

तुमचं नुकसान झालं, याचं वाईट वाटलं. पण अंदाजातला एक शब्द बातमीत गाळला जातो आणि घोटाळा तिथेच होतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या जास्तीत जास्त पाव भागात. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते अर्ध्या, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे अर्ध्या ते पाऊण भागात. तुरळकचा यलो अलर्ट असेल तर जिल्ह्यातली बहुतेक गावं कोरडी राहणार, हे त्या अंदाजातच सांगितलेलं असतं. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगीला तयारीत राहा. तयार फळ उतरवून घ्यायचं ते नारिंगीला. कच्चं फळ कुठल्याच रंगाला उतरवू नका.

आपला वळीव घाटावर जन्मतो. समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते आणि दुपारनंतर घाटमाथ्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग फुलतात. वरच्या थरात पूर्वेचा वारा असेल तर ते संध्याकाळी खाली कोकणात उतरतात, नसेल तर तिकडेच कोसळतात. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला आठवड्याच्या नियोजनासाठी वाचा आणि त्या दिवसाचा निर्णय दुपारी दोननंतर, तीन तासांचा तातडीचा इशारा आणि पूर्वेचं आभाळ दोन्ही बघून घ्या.

पाऊस झालाच तर ओला आंबा पेटीत भरू नका. पावसानंतर फळमाशी आणि करपा दोन्ही उठतात. गळलेली फळं वेचून खड्ड्यात पुरा आणि फळमाशीचे रक्षक सापळे आधीपासूनच टांगलेले असू देत.

प्रश्न : वीज चमकायला लागली की आम्ही बागेतल्या मांगरात (शेतातल्या खोपटात) थांबतो. ते बरोबर का? मोबाइल बंद करावा का? (मंडणगड)

झाडाखाली थांबण्यापेक्षा बरं, पण पत्र्याचा उघडा मांगर सुरक्षित नाही. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी गाडी गाठा. मोबाइलमुळे वीज ओढली जात नाही, पण चार्जिंगला लावलेला वापरू नका. लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तितके किलोमीटर वीज दूर. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की काम टाका आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं. बागेतल्या एका तरी गड्याच्या फोनमध्ये ते असू दे.

आमच्या मागीलदारी एका वळवात माडावर वीज पडली. शेंड्यातून धूर निघत होता आणि खोडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. चीर जिथे जमिनीत शिरली, तिथली माती उसवलेली होती. पंधरवड्यात सगळ्या झावळ्या खाली आल्या. त्या माडाला टेकून रोज कोणीतरी बसायचं. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला लागा.

प्रश्न : आमसुलं आणि आंबापोळी उन्हात घालते, अंदाज कुठला बघू? (सावंतवाडी)

वळवाच्या दिवसांतही दुपारपर्यंत ऊन बहुधा चांगलं असतं. दोन वाजता पूर्वेकडे बघा. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरट झालेला दिसला की सुपं आत घ्या. गार वाऱ्याचा झोत मातीचा वास घेऊन आला, तर तुमच्या हातात काही मिनिटंच आहेत.

प्रश्न : पहिल्या मोठ्या पावसावर भात पेरलं तर चालेल? (माणगाव)

आधी तो पाऊस कुठून आला ते बघा. पूर्वेकडून, संध्याकाळी, गडगडाट करत आला आणि सकाळी आभाळ निवळलं, तर तो वळीव. त्यावर पेरलेलं रोप उगवतं आणि पुढच्या उन्हात करपतं. नैऋत्येचा वारा दिवसरात्र टिकला, समुद्राकडून भरून आलं आणि गडगडाट कमी होऊन सरीवर सर सुरू झाली, तर तो मोसमी.

2025 मध्ये सगळं लवकर झालं. 24 मे रोजी मोसमी पाऊस केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत. एरवी मुंबईची तारीख 11 जून. त्याआधीच्या पावसाने जमीन भिजलेली होती, अनेकांची धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी) राहून गेली. त्यामुळे भाजावळ (पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) आणि राबाची, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेची, नांगरट मेच्या मध्यापर्यंत उरकून ठेवा. बियाणं घरात तयार असू दे, आणि पेरणीचा दिवस वारा फिरल्यावर ठरवा.