वाचकांचे प्रश्न: कॉर्डलेस सर्क्युलर सॉ वापरताना

दादा नमस्कार, वॉर्डरोब घरीच करायचं म्हणून १८ व्होल्टचा कॉर्डलेस सर्क्युलर सॉ (बॅटरीवर चालणारी गोल ब्लेडची करवत) घेतला. १९ एमएमचा प्लाय दोन स्टुलांवर टाकून मधोमध कापत होतो, कट संपायला हातभर राहिला आणि मशीन उसळून मागे अंगावर आलं. लागलं काही नाही, पण आता हात लावायची भीती वाटते. मशीनमध्ये फॉल्ट असेल का?
*- वाचक, नाशिक*

लागलं नाही हे वाचून बरं वाटलं. मशीन चांगलंय तुमचं, ते दुकानात परत न्यायची गरज नाही. गडबड त्या दोन स्टुलांची आहे.

बघा, आठ बाय चारची शीट म्हणजे तीस-चाळीस किलो वजन. ती दोन टोकांना टेकवली आणि मधून कापत गेलात की जसजसा कट पुढे जातो तसतशी शीट मध्ये खाली दबते, मग कापलेली फट वरच्या बाजूने मिटायला लागते आणि ब्लेड त्यात चिमटतं. ब्लेड तेव्हा मिनिटाला ४०००-५००० फेऱ्या मारत असतं, ते अडकलं तरी मोटरचा जोर कुठेतरी जाणारच ना, तो अख्खं मशीन वर उचलतो आणि तुमच्याकडे फेकतो. यालाच किकबॅक म्हणतात. आणि हे सगळं इतक्या पटकन होतं की हात घट्ट धरून थांबवू असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही, किकबॅक हाताने थांबत नाही, तो होऊच नये अशी फळी ठेवावी लागते.

स्टुलं बाजूला ठेवा. जमिनीवर जाड थर्माकोलची शीट टाका, दोनेक इंची तरी हवी, त्यावर पूर्ण प्लाय आडवा टाका आणि तिथेच कापा. थर्माकोल नसेल तर चार सारख्या जाडीच्या रिपा घ्या, दोन कटच्या लाईनच्या अगदी जवळ, अलीकडे एक पलीकडे एक, आणि दोन बाहेरच्या कडांना. म्हणजे कट पूर्ण झाला तरी दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतात, कुणी दबत नाही, कुणी चिमटत नाही. कडेची छोटी पट्टी कापत असाल तर उलटं, ती पट्टी मोकळी खाली पडू द्या, भाऊला किंवा पोराला "धर रे जरा" म्हणून उभं करू नका. धरणारा माणूस नकळत ती वर उचलतो आणि फट परत मिटते.

दुसरी गोष्ट, ब्लेड किती खोल सोडायचं त्याची. बॅटरी काढून ब्लेड प्लायच्या कडेला लावून बघा, खालून ब्लेडचा पूर्ण एक दातासुद्धा दिसता कामा नये. १९ एमएमसाठी २२-२३ एमएम बास झालं. बरेच जण ब्लेड पूर्ण खाली सोडून कापतात, मग लाकडात जास्त ब्लेड घुसतं, अडकायला जास्त जागा मिळते आणि खाली काय आहे ते पण कापलं जातं.

बाकी, ॲल्युमिनियमची सरळ पट्टी सी-क्लॅम्पने आवळून तिच्या आधाराने मशीन चालवा म्हणजे ब्लेड वाकडं जाणार नाही. दोन्ही हात मशीनवर ठेवा. उभे राहताना ब्लेडच्या रेषेत नाही, एका बाजूला. ब्लेड लाकडाला न टेकवता सुरू करा, पूर्ण स्पीड आला की मग पुढे ढकला. आवाज जड झाला, मशीन दमल्यासारखं वाटलं तर ट्रिगर सोडा आणि ब्लेड थांबेपर्यंत मशीन आहे तिथेच धरून ठेवा. फिरतं ब्लेड मागे ओढायचं नाही, त्यानेच सगळ्यात जास्त उसळतं. परत सुरू करताना दाते लाकडाला टेकलेले नाहीत ना ते बघून मगच ट्रिगर दाबा.

माझ्या सॉचा खालचा गार्ड (ब्लेडवरचं झाकण) कधी कधी अडकतो. व्हिडिओत एक जण गार्ड वर करून पाचर मारून कापताना दिसला, काम फार सोपं वाटलं. चालेल का?
*- वाचक, कोल्हापूर*

नाही ताई, अजिबात नाही, एका कटपुरतंसुद्धा नाही. ट्रिगर सोडला तरी ब्लेड थोडा वेळ फिरत असतं, तेवढ्यात तुम्ही मशीन खाली ठेवता, आणि गार्ड उघडा असेल तर ते फिरतं ब्लेड फरशीवर चाकासारखं पळतं, कधी पायाकडे. तो गार्ड मुख्यतः त्या दोन-तीन सेकंदांसाठी तिथे आहे.

अडकतोय कारण बहुतेक आत भुसा आणि लाकडाचा डिंक साचलाय. बॅटरी काढा, ब्रशने साफ करा. तेल सोडू नका, तेलाला भुसा चिकटून अजून जाम होतो. मग गार्डची दांडी वर करून सोडा, टक्कन बंद झाला पाहिजे. हळूहळू येत असेल तर स्प्रिंग गेली, सर्व्हिस सेंटरला द्या आणि तोपर्यंत मशीन वापरू नका. ही तपासणी रोज काम सुरू करताना करायची, दहा सेकंदांचं काम आहे.

आणि ओढणी, बांगड्या, हातातला धागा, सैल बाह्या हे सगळं आधी बाजूला. दादा लोकांनी गळ्यातला गमछा. चष्मा हवाच, कानाला मफ हवेत. एमडीएफ कापताना एन-९५ मास्क लावा, त्याचा भुसा पिठासारखा बारीक असतो, लाकडाच्या धुळीने कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे.

आमचे मिस्त्री मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापतात. तेच वापरलं तर स्वस्त पडेल ना?
*- वाचक, पुणे*

स्वस्त पडेल, पण करू नका. मार्बल कटर मिनिटाला १२०००-१३००० फेऱ्या फिरतो, त्याला खालून आपोआप बंद होणारा गार्डच नसतो. ब्लेडवर जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) छापलेला असतो, तो मशीनच्या स्पीडपेक्षा कमी असेल तर दाता उडू शकतो. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं तर त्याहून वाईट. मिस्त्रींचा हात बसलेला असेल, पण गार्डची जागा बसलेला हात घेऊ शकत नाही, त्यांनाही हे जरूर सांगा.

आमचं वर्कशॉप गावात आहे, मोठं हॉस्पिटल दीड तास लांब. बोट तुटलंच तर काय करायचं?
*- वाचक, रत्नागिरी जिल्हा*

हे प्रत्येक वर्कशॉपमध्ये भिंतीवर लिहून लावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि हात छातीच्या वर ठेवायचा. हळद, चहा पावडर काही लावायचं नाही. १०८ ला फोन करायचा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात, मग जोडता येत नाही. निघतानाच फोन करून विचारा की बोट जोडणारे प्लास्टिक किंवा हँड सर्जन कुठे आहेत, म्हणजे आधी चुकीच्या हॉस्पिटलात वेळ जाणार नाही. जखमीला खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन करावं लागतं.

सनमायका लावलेल्या प्लायच्या कडा तुटतात. आणि बॅटरी मशीनलाच लावून ठेवली तर चालते का?
*- वाचक, ठाणे*

२४ दात्यांचं ब्लेड असेल तर ४० चं घ्या. सर्क्युलर सॉचे दाते खालून वर कापत येतात, त्यामुळे चांगली बाजू खाली ठेवा आणि कटच्या लाईनवर मास्किंग टेप लावा. बोथट ब्लेड बदला, ते जोर लावायला लावतं आणि जोर लावला की अडकतं.

बॅटरी लावून ठेवू नका. वायरवाल्या मशीनचा प्लग काढला की ते मेलेलं असतं, कॉर्डलेसचा प्लग म्हणजेच बॅटरी, ती आत असेपर्यंत मशीन चालू आहे असंच समजा. ब्लेड बदलताना, खोली सेट करताना, चहाला जाताना, बॅटरी बाहेर. ती खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकू नका, टोकं शॉर्ट होतात. मशीन खाली, बॅटरी वरच्या कपाटात, घरात लहान मुलं असतील तर कुलुपात.