वकिलातीच्या दारात काय मागावं, काय मागू नये

चि. बाळास आशीर्वाद.

शारजाच्या वर्कशॉपचं ऑफर लेटर आलं आणि बेळगावच्या उद्यमबागेतलं काम सोडायचं तू ठरवलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. तिनं एकच विचारलं, "तिकडं काही झालं तर एम्बसी बघून घेते न्हवं?" तिला मी हो म्हणालो. तुला मात्र नीट फोड करून सांगतो.

आधी दोन वकिलाती डोक्यात वेगळ्या कर. एक संयुक्त अरब अमिरातीची, म्हणजे शारजा ज्या देशात आहे त्याची, इथली; दुसरी आपली तिथली. त्यांचा दूतावास दिल्लीत आहे आणि मुंबईत वाणिज्य दूतावास, म्हणजे आपण कॉन्सुलेट म्हणतो ते. पण तुझा नोकरीचा परवाना ते देत नाहीत. तो तिथला मालक तिथल्या कामगार मंत्रालयातून काढतो. त्यामुळे 'एम्बसीत आपली ओळख आहे, व्हिसा काढून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

अमिरातीच्या वकिलातीकडं तुझं काम पडेल ते डिप्लोमावरच्या शिक्क्यासाठी. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि तिकडं उतरल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. तुझा डिप्लोमा बेळगावचा, म्हणून सुरुवात कर्नाटक सरकारकडून. खानापूरचाच एखादा पोरगा कोल्हापुरात शिकला असेल तर त्याची सुरुवात महाराष्ट्राकडून. घर कुठं ते कुणी बघत नाही, सर्टिफिकेट कुठल्या राज्याचं ते बघतात. (सीमाभागातल्या माणसाला हे निराळं सांगायला नको म्हणा.) वकिलात तुझ्या हातातल्या कसबाची हमी देत नाही, आधीचा सही-शिक्का खरा आहे एवढंच म्हणते. एक पायरी गाळली की फाईल परत. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग कन्नड दाखल्यावरून इंग्रजीत येताना बदललं असेल, तर ते इथंच दुरुस्त करून घे.

आता मला खरी काळजी आहे ती सांगतो. दहावी न झालेल्या माणसाला आखातात कामाला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्याचा करार ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदला जातो. तू शिकलेला, तुला ती मंजुरी लागत नाही. लोकांना ही सवलत वाटते. मला वाटतं, तुझा कागद कुणाच्याच नजरेखालून जाणार नाही. तेव्हा ते काम तूच कर. एजंटाचं लायसन्स ई-मायग्रेटवर शोध. त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, त्याहून एक पैसा जादा देऊ नकोस. ऑफर लेटर दुबईच्या आपल्या कॉन्सुलेटला मेल करून खरं-खोटं विचार. 'आत्ता व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलू' असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांब.

अबू धाबीत आपला दूतावास आहे, पण शारजा दुबईच्या कॉन्सुलेटकडं येतं. पासपोर्ट संपला, हरवला, मुखत्यारपत्र करायचं, पुढं मूल झालं तर त्याची नोंद करायची, ही सगळी कामं तिथं. पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं अमिरातीच्या कायद्यात बसत नाही, पण ठेवून घेतात. म्हणून त्याची झेरॉक्स आईपाशी ठेव. पासपोर्टच नसेल तर कॉन्सुलेट इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं, त्यावर फक्त भारतात परत येता येतं. २०२४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत अमिरातीनं व्हिसा संपलेल्यांना दंडमाफी दिली, तेव्हा कित्येक जण त्याच कागदावर घरी आले.

पगार अडला तर कॉन्सुलेट मालकाला पत्र लिहील, वकिलाचा सल्ला मिळवून देईल. वसूल करून देणार नाही. तक्रार तिथल्या कामगार मंत्रालयातच करायची. 'गेटच्या आत शिरलं की भारताची जमीन' हेही खरं नव्हे. जमीन त्यांचीच. वकिलातीच्या परवानगीशिवाय त्यांचे पोलीस आत येत नाहीत इतकंच, आणि बाहेर केलेला गुन्हा आत शिरून पुसला जात नाही.

पोलिसांनी कधी धरलं तर एकच वाक्य बोल, भारतीय कॉन्सुलेटला कळवा. वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानं तो तुझा हक्क आहे. पाकिस्ताननं पकडलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्तानला दोषी धरलं, ते याच कलमावरून. आपला अधिकारी भेटायला येईल, वकील गाठून देईल. निकाल मात्र तिथला न्यायाधीशच देणार. आपली माणसं लाजेपोटी कळवतच नाहीत आणि गावाकडं घरचे आमदाराच्या दारात फेऱ्या मारत राहतात. घरच्यांना इथूनही तक्रार करता येते, परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर. तुझ्या बहिणीला ते जायच्या आधी शिकवून ठेव.

तुझं कन्नड विसरू नकोस. दुबईत मंगळूर-उडुपीकडची माणसं पुष्कळ आहेत, आणि अडल्या वेळी कॉन्सुलेटच्या आधी तीच धावून येतात.

रविवारी मी घरीच आहे. ऑफर लेटर घेऊन ये, नुसता मोबाईलवरचा फोटो नको. त्यात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे मला बघायचं आहे.

तुझा,
काका