विधायकांचं मत कुठे शोधायचं

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. आपल्या भागातल्या विधायकांचा परिचय छान उतरलाय (आमदार हा शब्द आपल्या इंदुरी तोंडात काही बसत नाही). पण त्यांची मतं म्हणून जे लिहिलंस, ते बहुतेक जाहीर सभांतलं आहे. आणि सभागृहातल्या मतदानावरून जो निष्कर्ष काढलास, तो काढून टाक. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून व्हिप (मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश) मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. विधेयकावर वर गेलेला हात पक्षाचा असतो.

माणूस सापडतो तो त्याने विचारलेल्या प्रश्नांत. भोपाळच्या विधानसभेच्या प्रश्नोत्तर-सूच्या काढ. एकच प्रश्न घेऊन निवांत बस: (क) पुलाचं काम कधी मंजूर झालं, (ख) खर्च किती, (ग) ठेका कुणाला, (घ) उशिराला जबाबदार कोण? ज्याला उत्तर हवंच असतं, तो वॉर्ड आणि तारीख घालून विचारतो. पुष्कळदा समोर एवढंच असतं: 'जानकारी एकत्रित की जा रही है'. तिथे थांबू नकोस, पुढच्या सत्राची सूची उघड. तोच प्रश्न पुन्हा टाकलाय का? माझ्या मते अर्धा विधायक इथेच कळतो.

मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथ सरकार गेलं. नोव्हेंबरात 28 जागांवर पोटनिवडणूक झाली, त्यात आपलं सांवेरही होतं. पक्ष बदललेल्या माणसाचे आधीचे आणि नंतरचे प्रश्न शेजारी ठेवून वाच. तो मंत्री झाला असेल तर प्रश्न थांबतात. मग त्याने दिलेली उत्तरं वाच.

प्रत्येक निवडणुकीचं शपथपत्रही (उमेदवार आपली मालमत्ता आणि खटले जाहीर करतो ते) शेजारी लावून बघ, तासाभराचं काम आहे.

आणि पराभव एका ओळीत उरकू नकोस. सुमित्राताई महाजन 1985 मध्ये इंदूरमधून विधानसभा हरल्या होत्या; 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेवर गेल्या. हरल्यानंतर माणूस कुणाच्या दारी जात होता, हे गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचार. त्यांना सगळं आठवतं.

रविवारी सूच्या घेऊन घरी ये. काकू पोहे करेल, आपण पहिलं सत्र बरोबर वाचू.

तुझा,
काका