वाचकांचे प्रश्न : चाकांचा रंग आणि खारी हवा

प्रश्न : आमचे घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. गाडीच्या अलॉय चाकांच्या चकचकीत भागावर, पारदर्शक थराच्या आत, पांढऱ्या नागमोडी रेषा पसरत चालल्या आहेत. बाजारात मिळणारा, हवा तेव्हा सोलून काढता येणारा काळा रबरी स्प्रे आणून घरीच चाके काळी करावीत, असा मुलाचा आग्रह आहे. नाही आवडले तर सोलले की मूळ चाक परत मिळते, असे तो म्हणतो. हे कितपत खरे? — एक वाचक, गुहागर

उत्तर : चिरंजीवांचे म्हणणे धडधाकट चाकाला लागू पडते, आपल्या चाकाला नाही. आपल्या वर्णनावरून ही चाके ‘डायमंड कट’ प्रकारची दिसतात. या प्रकारात चाकाचा दर्शनी भाग लेथवर कापून अॅल्युमिनिअम उघडे करतात आणि त्यावर फक्त पारदर्शक क्लिअरचा थर देतात. उरलेल्या भागाला प्रायमर आणि रंग यांचे संरक्षण असते, पण या चमकत्या भागाला ते नसते. खडी उडून टवका गेला किंवा कडेला ठोकलेल्या बॅलन्सिंगच्या वजनाने क्लिअर दुखावला, की तेथे मीठ शिरते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसलेल्या दिवशीही ती जागा ओलसरच राहते आणि गंज क्लिअरच्या खालून वाट काढत पुढे सरकतो. आपल्याला दिसणाऱ्या रेषा म्हणजे हीच वाट आहे.

अशा चाकावर रबरी थर दिला तर रेषा झाकल्या जातील, पण त्यांचे पसरणे थांबणार नाही. शिवाय जेथे क्लिअर आधीच सुटू लागला आहे, तेथे रबर सोलताना त्याच्याबरोबर क्लिअरचेही पापुद्रे निघून येतील. मूळ चाक परत मिळण्याची आशा या चाकांपुरती तरी सोडावी.

टायर उतरवून जुना थर पूर्ण काढणे आणि गंज मुळापासून घासून टाकणे, हा यावरचा खरा उपाय आहे. चमक परत हवी असेल तर चाक पुन्हा लेथवर चढवावे लागते, मात्र दर खेपेला धातू कमी होत असल्याने हे वारंवार करता येत नाही. माझे मत विचाराल तर किनाऱ्यालगत राहणाऱ्याने या चमकीचा नाद सोडावा आणि संपूर्ण चाकाला अॅल्युमिनिअमसाठीचा प्रायमर, त्यावर रंग आणि वर क्लिअर असे साधे, भरीव काम करून घ्यावे. पावडर कोटिंगही चांगले टिकते. ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजले जाते आणि अलॉय चाकाची ताकद मुळात उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. म्हणून भट्टीचे तापमान किती आणि चाक आत किती वेळ राहणार, हे कारागिराला आधी विचारावे; जो सांगू शकत नाही त्याच्याकडे चाक देऊ नये. चाकाला तडा असेल किंवा ते वाकले असेल, तर रंगाचा विषयच काढू नये.

चिरंजीवांची हौस घरातल्या दुसऱ्या एखाद्या गाडीच्या निर्दोष चाकांवर भागवायची असेल, तर खरी मेहनत धुण्यात आहे हे त्यांना सांगावे. चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवले तर तांबूस-काळा, खरखरीत लेप हाताला लागतो. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, जांभ्याची धूळ आणि मीठ यांचा तो थर असतो. तो शॅम्पूने आणि ब्रशने पूर्ण गेला पाहिजे. संडास-फरशीचे अॅसिड वापरण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, पण ते अॅल्युमिनिअम खाते. धुतल्यावर नटांच्या खोबणीत पाणी साचून राहते, ते कापडाने टिपून घ्यावे आणि चाक उन्हात पूर्ण वाळू द्यावे. टायर आणि रिम यांच्या फटीत जुन्या कॅटमधले पत्ते एकाशेजारी एक खोचले की टायर आयताच झाकला जातो. चाक गाडीवर ठेवूनच काम करणार असाल तर मागची ब्रेकची डिस्कही झाकावी.

पहिला हात अगदी हलका, खालचे चाक निम्मेअधिक दिसत राहील असा असावा. त्यानंतरचे चार-पाच हात भरपूर आणि ओलसर द्यावेत आणि प्रत्येक दोन हातांमध्ये वीस-पंचवीस मिनिटे जाऊ द्यावीत. डबा वाचवण्यासाठी दोन हातांवर थांबणारे लोक पुढे पस्तावतात, कारण पातळ थर सोलला जात नाही, तो नखाएवढ्या तुकड्यांनी तुटत राहतो. तसे झालेच तर त्यावर आणखी दोन-तीन भरपूर हात द्यावेत, ते वाळू द्यावेत आणि मग सोलावे. काम दिवाळी ते होळी या काळात, सकाळचे दव उडाल्यानंतर करावे. दमट हवेत द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि काळा रंग पांढुरका होऊन बसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्प्रेच्या डब्याला हात न लावणेच बरे.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून गाडीची ने-आण होत असेल किंवा गाडी पुळणीच्या कडेला उभी राहत असेल, तर घरी परतल्यावर चाकांवर गोडे पाणी मारावे. मात्र प्रेशरचा पाइप रबरी थराच्या कडेजवळ धरू नये. कड एकदा उचलली गेली की आत पाणी शिरते.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीच्या लोखंडी रिमला गंज चढला आहे. त्यावरही हाच रबरी थर द्यावा की ऑइलपेंट मारावा? — एक वाचक, मालवण

उत्तर : गंजावर रबर देणे म्हणजे ओलावा आत कोंडणे होय. रिम तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने घासावी. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक लावावे, मग इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. नुसता ऑइलपेंट एका पावसाळ्यात पोपडे धरतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, जेथे टेकते तो भाग आणि नट जेथे बसतो ती उतरती कड येथे रंगाचा जाड थर नको. नट आवळल्यावर तो थर चेपतो, पुढे झिजतो आणि नट सैल होतात. रंगारी हौसेने सगळी रिम रंगवून देतो, म्हणून या जागांवर मास्किंग टेप आपणच लावून द्यावी. चाक बसवल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या नेमक्या जोराने, नट आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत. दोन घटक मिसळून करायचा रंग किंवा क्लिअर घरी मारू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासातून गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाही.

प्रश्न : बंपरचा आणि दरवाज्यांखालचा काळा प्लास्टिकचा भाग पांढुरका पडला आहे. गॅरेजवाला डिझेल चोळून देतो, आठवडाभर काळे दिसते आणि पुन्हा तेच. कायमचा उपाय काय? — एक वाचक, देवगड

उत्तर : डिझेल काय किंवा खोबरेल काय, दोन्ही फक्त वरवर ओल देतात, त्यावर लाल धूळ मात्र अधिक चिकटते. डिझेल शेजारच्या रबरी पट्ट्यांत मुरले तर त्या फुगतात, हे नुकसान वेगळेच. हा भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा पदर मरतो. या प्लास्टिकवर रंग सहज धरत नाही. आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर, म्हणजे अॅडहेजन प्रमोटर, मारावा लागतो. तो टाळून मारलेला रंग पहिल्याच मोसमात सालपटासारखा उडतो. इतका खटाटोप नको असेल तर ट्रिमसाठी, म्हणजे अशा काळ्या प्लास्टिकसाठी, मिळणारे रिस्टोरर दर काही महिन्यांनी लावणे पुरेसे आहे. रबरी थर येथे मी सुचवणार नाही, कारण खरखरीत प्लास्टिकच्या दाण्यांत तो रुतून बसतो आणि काढायची वेळ आली की घाम काढतो.

प्रश्न : पुढच्या जाळीवरची क्रोमची पट्टी काळी करायची आहे. आरटीओची अडचण येईल का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : गाडीच्या नोंदणीपत्रात बॉडीचा रंग लिहिलेला असतो आणि तो बदलला तर नोंद करून घ्यावी लागते. जाळीवरची पट्टी किंवा चाके त्यात मोडत नाहीत. मात्र नंबरप्लेट, दिवे आणि रिफ्लेक्टर यांवर स्प्रेचा शिंतोडाही उडता कामा नये. क्रोम गुळगुळीत असेल तर सोलून निघणाऱ्या थराला यापेक्षा चांगली जागा नाही. आपल्याकडच्या हवेत क्रोमवर बारीक खड्डे पडून खालचे प्लास्टिक दिसू लागलेले असेल, तर पट्टीच बदलावी. हाच स्प्रे पेट्रोलच्या झाकणाभोवती मात्र मारू नये. पेट्रोलचे चार थेंब सांडले की तेवढा भाग विरघळून चिकट होतो.